पंधराव्या केळ्याची साल

तीर्थरूप सुझानमावशीस,

भुईगावहून फेलिशियाचा जय येशू. पुण्याच्या थंडीत गुडघे कसे आहेत तुझे? (गोळ्यांचं विचारत नाही, तू घेत नसणारच.) इकडे सगळी ठीक.

चौतीस वर्षं मास्तरीण असलेल्या बाईला हे काय सांगायचं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझी कम्युनिटी कॉलेजची बालशिक्षणाची पदवी शेवटच्या पाठापर्यंत आली होती. वाडीतलं काम सांभाळून तीन वर्षं, आणि वय बेचाळीस (ॲन्सेल्म नवरा असून मला कॉलेजकन्या म्हणतो). पाठ परवा कामणच्या बालवाडीत झाला. तिथं गोदामांत राबणाऱ्यांची मुलं येतात. विषय मोजणी. मी बावीस पानांचं टाचण केलं आणि शैक्षणिक साहित्य म्हणून वाडीतली पंधरा केळी नेली. परीक्षक हरेश्वर सर मागे मुलांच्या खुर्चीत बसले. (बसले म्हणजे रुतले.) मी तारीख लिहायला फळ्याकडे वळले आणि परत पाहते तर साहित्य संपलेलं. चौदा मुलं, चौदा भरलेली तोंडं.

बावीस पानांत यावर एक ओळ नव्हती. मी गुडघे टेकून साली गोळा करायला लागले. तेव्हा ऋतिका उठली. ही पोर जूनपासून येते, पण तिचा आवाज तिथल्या बाईंनीही ऐकला नव्हता. तिनं एकेक साल आणून माझ्यापुढे मांडायला घेतली आणि हळूच म्हणाली, "एक." मग "दोन." चौदाला ती थांबली, इकडेतिकडे पाहिलं, सरळ सरांकडे गेली आणि हात पुढे केला. सरांनी मान खाली घालून खिशातून साल काढून दिली.

"पंधरा," ती म्हणाली.

मावशी, मी काही म्हणजे काही शिकवलं नव्हतं. तिच्या आत ते सगळं कधीचं तयार होतं आणि बाहेर येताना मी नेमकी समोर होते. वेदीपुढे गुडघे टेकल्यावर छातीत जसं शांत होतं, तसं झालं. (गुडघे टेकलेलेच होते, साली गोळा करत होते.) तू हे चौतीस वर्षं पाहिलंस आणि घरी येऊन रोज फक्त भाजीचं बोलायचीस, याचं नवल वाटतं.

तुझी भाची,
फेलिशिया

ता. क. पास झाले. सरांचा शेरा : साहित्याचा परिणामकारक वापर.

ता. क. २ त्याच बालवाडीत सोमवारपासून नोकरी लागली. पत्र खरं त्यासाठीच आहे. तुझ्या पहिल्या दिवशी तुझे हातपाय कापत होते का, ते कळव. कापत नसले तरी हो म्हणूनच लिही. फादरांपुढे त्या खोट्याची कबुली देऊन कुमसार मी करीन.