चर्चची सुट्टीतली शाळा, वर्ष बाविसावं

२ मे
रेश्माचा फोन. चार वर्षांनी, स्वतःहून. नर्सिंगचं ट्रेनिंग पुण्याला, जावईबापू सीमेवर, सांगलीजवळ माधवनगरला नातीकडे, सईकडे, बघायला कोणी नाही. दहा दिवस ठेवाल का म्हणाली. करमलं तर दर सुट्टीत साताऱ्याला पाठवीन असंही म्हणाली. अट एकच, तिला तुमच्या त्या शाळेत बसवायचं नाही. हो म्हणालो. फोनवर माणूस हो म्हणतोच. शाळा बघितली की पोरगी स्वतःच हट्ट धरील.

४ मे
सई आली. आठ वर्षांची. नाक थेट तिच्या आजीचं. ही असती तर दिवसभर मांडीवर घेऊन बसली असती. रेश्मा स्टँडवरूनच परत फिरली, घरी चहालाही आली नाही. घाई असेल.
संकल्प: आवाज चढवायचा नाही. पट्टी फक्त टेबलावर आपटायला.

५ मे
मुलं ४३. नवे पाळकसाहेब (वय तीस, अंगात टी-शर्ट) म्हणाले, सर, यंदा गाणी आणि खेळ जास्त घेऊ. मी नुसता हसलो. खेळायला अख्खं वर्ष पडलंय. माझा नियम साधा आहे: रोज बायबलमधलं एक वचन पाठ. ज्याचं पाठ नाही त्याला खाऊ नाही, आणि तास संपेपर्यंत दाराशी उभं.
सईला घरी एकटी कशी ठेवणार? मागच्या बाकावर बसवली. बसवणं म्हणजे नाव घालणं नव्हे.

६ मे
सईचं नाव घातलं. बाकीची मुलं विचारत होती.

७ मे
मुलं ३१. लग्नसराई. सई वचनात दोनदा अडकली. दाराशी उभी केली. स्वतःच्या नातीलाही सूट नाही हे सगळ्यांनी पाहिलं. इम्प्रेशन चांगलं पडलं. विजयमाला शाळेचा खाऊ करते आणि माझ्या घरचा स्वयंपाकही. ती म्हणाली, आवं सर, सुट्टी हाय, पोरं हसाय येत्यात. तिला शिक्षणातलं काय कळतं? शिरा मात्र बरा झाला होता.

९ मे
सकाळी सईचं अंथरूण ओलं. आठव्या वर्षी! संध्याकाळी सातनंतर तिचं पाणी बंद. विजयमाला म्हणाली, पोर लय भ्यालीया, तुमास्नी दिसत न्हाई व्हय? मला सगळं दिसतं. ऊन बाधलंय.
मुलं १९. पाळकसाहेबांनी कंपाउंडमध्ये क्रिकेट सुरू केलंय. मुलं आपोआप आली म्हणे. आपोआप काही होत नसतं. चर्चच्या पंचायतीला तक्रारअर्ज द्यावा का? अर्ज लिहिला. दिला नाही. त्यावर सही करायला दुसरं कोणी मिळेना.

११ मे
सई हल्ली विचारल्याशिवाय बोलत नाही. विचारलं की उभी राहून उत्तर देते. जेवतानासुद्धा. वळण लागतंय. रेश्माला एवढं लागायला दोन वर्षं गेली होती.

१२ मे
रेश्माचा फोन. शाळेत घातली नाहीत ना, विचारलं. मजेत आहे म्हणालो. तिला फोन द्या म्हणाली. खेळायला गेलीय म्हणालो. सई समोरच बसून वचन घोकत होती. एका अर्थी खेळच.

१३ मे
प्लॅन पक्का. उद्या समारोप, आणि रेश्मा उद्याच न्यायला येतेय. तिला थेट चर्चमध्ये बोलावलंय. सई सगळ्या दिवसांची वचनं ओळीनं म्हणेल. ते ऐकलं की जुनं सगळं ती विसरेल. जुनं म्हणजे काय, ते मलाही नीट आठवत नाही. लहानपणी मी तिला वर्गात काहीतरी बोललो असेन.

१४ मे, संध्याकाळ
मुलं सहा. त्यातली दोन विजयमालाची नातवंडं.
सईनं सगळी वचनं म्हटली. एक चूक नाही. हात मागे, मान ताठ. मी टाळ्या वाजवल्या. रेश्मानं वाजवल्या नाहीत. ती पुढं आली, सईचे हात धरून पुढं घेतले आणि मुठी उघडल्या. तळहातावर नखं रुतल्याच्या खुणा. रेश्मा म्हणाली, पप्पा, मी पण अशीच उभी राहायचे.
भांडली नाही. भांडली असती तर मला बोलता आलं असतं. म्हणाली, करमलं तर पाठवीन असा शब्द दिला होता, आता तिलाच विचारते. आणि खाली बसून सईला विचारलं, पुढच्या सुट्टीत आजोबांकडं यायचं का?
सई सरळ उभी राहिली. माझ्याकडं बघितलं. हळूच म्हणाली, आजोबा, काय म्हणायचं?
बावीस वर्षं अडलेल्या पोरांना मी पुढचा शब्द सांगत आलो. आज माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. दोघी पाचच्या गाडीनं सांगलीला गेल्या.

१५ मे
सकाळपासून रेश्माला तीन फोन. उचलत नाही. ड्यूटीवर असेल, असं लिहिलं होतं. खोडलं. ती ड्यूटीवर नाही. फार वाईट वाटतंय.