तुमच्या तालुक्यात यायची मनाई

बाई, आज तुमच्या गावावरून गेलो. फाट्यावर एसटी थांबली, दोन बायका उतरल्या, आणि मी खिडकीतून नदीकडं जाणारा रस्ता बघत बसून राहिलो. त्या तालुक्यात पाऊल टाकायला आता मला कुणाची मनाई नाही. पण मनाई होती तोवर तुम्ही होता, आणि ती उठली तेव्हा तुम्ही नव्हता.

त्या वर्षी आमची मेंढरं नदीकाठी, ऊस तुटून गेलेल्या रानात बसायला आली होती. रात्री ती शेजारच्या उभ्या उसात शिरली, सकाळी भांडण पेटलं आणि त्या शेतकऱ्याच्या पोराच्या डोक्यात कुऱ्हाड बसली. मी तेव्हा तळावर कोकरं सांभाळत होतो, तरी फिर्यादीत आमच्या घरच्या साऱ्या पुरुषांची नावं आली. सांगलीच्या जेलात असताना मला जामीन मंजूर झाला, आणि मंजूर होऊनही मी आतच राहिलो. कोर्टाला जिल्ह्यातला, जमीन नावावर असलेला जामीनदार हवा होता. आम्ही म्हसवडकडची मेंढरं राखणारी माणसं, त्या उसाच्या गावांत आमच्यासाठी सातबारा कोण पुढं करणार? बाप फिरून थकला तेव्हा त्याला तुम्ही आठवला. म्हसवडच्या शाळेत तुम्ही मला शिकवलं होतं, आणि निवृत्त होऊन सासरी राहायला गेला होता, भांडण झालं त्याच तालुक्यात.

बाप सांगायचा, तुमचे दीर, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, सोप्यात उभे राहूनच म्हणाले की असल्या माणसांपायी घरची जमीन अडकवायची नाही. तुम्ही म्हणालात, जमीन माझ्या नावावर आहे आणि पोरगं माझ्या वर्गातलं आहे. त्यानंतर दिरांनी तुमच्याशी बोलणं टाकलं. हे मला तुम्ही गेल्यावर कळलं.

कोर्टाच्या आवारात मी तुमच्या पाया पडलो आणि म्हणालो, "बाई, मी न्हाई मारलं वो." शाळेत धरायचा तसा तुम्ही माझा दंड धरून मला उभं केलं. "मी विचारलं का तुला? तारखेला हजर राहायचं आणि अट मोडायची नाही. मी सही केलीय." अट अशी की खटला संपेपर्यंत मी त्या तालुक्यात यायचं नाही. म्हणजे तुमच्या घरी यायचं नाही.

म्हणून तुम्ही मला सांगलीत तुमच्या बहिणीकडं नेलंत, हळदीच्या पेठेमागं. ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. मी दाराशीच बसतोय, तुम्ही आत बोलावताय. ताट पुढं येतं आणि मी ताटाभोवती हात टाकून, मान खाली घालून, घाईघाईनं खातो. आत तशीच सवय लागली होती. तुम्ही आपलं ताट घेऊन माझ्याजवळ बसता आणि इतक्या सावकाश जेवता की मलाही हळू व्हावं लागतं. जेवण झाल्यावर तुम्ही मला भाकरी थापायला बसवलं. पहिली परातीतच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना मी बोट भाजून घेतलं. बहीण हसली, तुम्ही हसला नाही. निघताना तो तवा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणालात, परक्या गावात राहायचंय, उपाशी राहू नकोस.

ते परकं गाव म्हणजे शिरवळ. तिथल्या एका कारखान्यात तुमचा जुना विद्यार्थी सुपरवायझर होता. त्याला तुम्ही माझ्यासमोरच फोनवर सगळी केस सांगितली. मी घाबरलो होतो. फोन ठेवून तुम्ही म्हणालात, लपवून काम मिळवलंस तर रोज भीत कामाला जाशील. दर रविवारी तुमचा फोन यायचा. तारीख कधी, जेवलास का, बापाशी बोललास का. पुढं पुढं तुमचा आवाज बसका येऊ लागला. मी विचारलं की तुम्ही म्हणायचा, "काही नाही रे, खोकला आहे."

मग एका सकाळी तुमच्या सूनबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "बाई लय आजारी हायत. सारखं तुमचं नाव घेत्यात. पण तुमाला सांगू नगा म्हणत्यात." मी कामावरून तसाच निघालो. एसटीत बसून मनाशी ठरवत होतो की कोण बघणार आहे, जाऊन येऊ. गावाअलीकडच्या पुलापर्यंत पोचलो. कृष्णेच्या पलीकडं तुमचा तालुका. पुलाच्या तोंडाशी उतरलो आणि पुढं पाऊल पडेना. पलीकडं मला ओळखणारी, माझ्यावर टपून असलेली माणसं होती. कुणी कळवलं असतं तर माझा जामीन गेला असता, आणि तुमची सही खोटी ठरली असती. सूनबाईंना फोन लावला. त्यांना रडं आवरत नव्हतं. तुम्ही गेला होता.

दुपारी पलीकडच्या काठावर माणसं जमली. मी अलीकडं बाभळीखाली उभा होतो. एवढ्या लांबून कोण कोण आहे ते कळत नव्हतं, पांढऱ्या टोप्या तेवढ्या दिसत होत्या. मग धूर निघाला. माणसं पांगली तरी मी तिथंच होतो.

पुढं मी निर्दोष सुटलो. त्या दिवशी वकिलांना हे सांगितलं, तर ते सहज म्हणाले, "अरे, आधी बोलायचं ना. अर्ज दिला असता तर भेटायला एखाद्या दिवसाची परवानगी मिळाली असती." मी कोर्टाच्या पायरीवर बसलो. महिनोन् महिने वेळ होता, बाई. मला ठाऊक नव्हतं, आणि तुम्ही मला कळू दिलं नाही.

आता मी कारखाना सोडून जेलातल्या माणसांसाठी जामीनदार शोधणाऱ्या मंडळींबरोबर फिरतो. सुटलेल्या माणसाला काम बघून देतो, त्याच्या घरी जाऊन बसतो. पण सगळ्यांत आधी विचारतो, घरात कुणी आजारी हाय का? आज एका गड्याला त्याच्या आईकडं घेऊन गेलो होतो. त्यालाही तालुकाबंदी आहे. दोन दिवसांची परवानगी मिळाली. म्हातारीनं त्याचं तोंड चाचपलं आणि म्हणाली, "आलास व्हय रं?" मी बाहेर अंगणात येऊन उभा राहिलो. लोकांना वाटलं, आत गर्दी नको म्हणून आलो.

हे कागद तुमच्या सूनबाईंना द्यावेत असं लिहायला बसताना वाटलं होतं. देणार नाही. जिथं तिथं मी तुमचं गुणगान करतो, ते खरंच आहे. पण मला तुमचा राग येतो, बाई. पोरगं अट मोडेल म्हणून तुम्ही आजार लपवला. शेवटी तुम्हीही माझ्यावर विश्वास ठेवला नाही, असं मला वाटतं. आणि अजून वाटतं.