लाल नेलपॉलिशचे चार टिपके

बुधवार पेठ, पुणे
१२ मार्च १९९८

प्रिय हिरा,

फोन तू घेत नाहीस, आणि तुला डाव्या कानाने आता ऐकूही येत नाही, म्हणून कागद घेतला. नागपूरला ऊन कसं आहे हे विचारत नाही. असायचं तसंच असणार. आईचे गुडघे तसेच आहेत. दुकान चालू आहे, पण हल्ली दुरुस्तीला रेडिओ कोणी आणत नाही, सगळ्यांना कॉम्प्युटरचे सुटे भाग हवेत. भिंतीवरची 'वस्तू कशाला हवी ते सांगत बसू नये' ही पाटी तुला आठवत असेल. तिला तू फार हसायचीस. ती मी काल उतरवली.

तुझी लाल नेलपॉलिशची बाटली मी पळवली, तेव्हा तू आठवडाभर अबोला धरला होतास. स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून आम्ही त्यांवर रंगाचा टिपका देतो. बाकीचे मिळेल तो रंग लावतात, मी तुझा लाल लावायचो. आपलं काम लांबून ओळखू यावं, एवढी हौस. शहाण्णव साली पोपट नावाचा दलाल आला. त्याच्या गिऱ्हाइकाला फोनच्या वायरीला जोडायची पेटी हवी होती: रिसीव्हर उचलला की टेप चालू, ठेवला की बंद. गोदामातला कारकून बातम्या फोडतो म्हणे. मी पाटीला जागलो, काही विचारलं नाही. चार दिवस खपून अशी पेटी केली की खटकासुद्धा ऐकू येऊ नये, आणि स्वतःवरच खूश झालो.

त्याच वर्षी खडकीच्या फ्लॅटमधून तुला उचलून आणलं. जबडा मोडलेला, कानातून रक्त. तुझ्या नवऱ्याने, सुदर्शनने, फोनच्याच रिसीव्हरने मारलं होतं, आणि मारताना तुझंच वाक्य तुला ऐकवत होता: "शुक्रवारी निघते, बॅग तुझ्याकडे ठेव." हे तू फक्त तुझ्या मैत्रिणीशी, पूर्णिमाशी बोलली होतीस. म्हणून तिनेच सांगितलं असं आपण धरून चाललो. तू तिचं तोंड पाहिलं नाहीस. मी तर दवाखान्याच्या जिन्यात तिच्या थोबाडीत दिली. तिचा ओठ फाटला. बिचारी पदराने पुसत घरी गेली.

गेल्या आठवड्यात पोपट एक पेटी दुरुस्तीला घेऊन आला. कॅसेट आत अडकलीय, दोन वर्षं माळ्यावर पडून होती, पण गिऱ्हाइकाच्या घरात आता नवी बाई आलीय, घाई आहे म्हणाला. मी पेटी उलटी केली. चार स्क्रू, चार लाल टिपके. रोलरभोवती गुंडाळलेली फीत चिमट्याने सोडवली आणि तपासायला म्हणून लावली. आधी तू पूर्णिमाशी बोलतेस. मग तो येतो. रिसीव्हर जागेवर ठेवलाच नव्हता, त्याच्या हातात होता, त्यामुळे पेटी इमानाने चालत राहिली. प्रत्येक घाव ऐकू येतो, जबडा मोडल्याचाही. सतरा मोजले, मग मोजवेना. मोठा स्क्रूड्रायव्हर खिशात घालून मी खडकीला निघालो होतो, त्याच्या गळ्यात खुपसायला. डेंगळे पुलावरून परत फिरलो. कोर्टात तो 'बायको जिन्यावरून पडली' म्हणतो आहे, आणि मी आत गेलो असतो तर ही कॅसेट कोणी सांभाळली असती?

तेवीस तारखेला ती पेटी कॅसेटसकट मी कोर्टात देणार आहे. कोणी बनवली, हे त्याचा वकील विचारणारच. सुदर्शनला ते आजही ठाऊक नाही. तू ते परक्याच्या तोंडून ऐकू नयेस, म्हणून हे पत्र. मी बनवली, हिरा. मलाही आत टाकतील, टाकू देत. परवा पूर्णिमाच्या दारात जाऊन हात जोडले. ती एवढंच म्हणाली, "मला हिराचं पत्र हवंय, तुमची माफी नको." तेवढं तिला लिही. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल. फीत जिथे अडकली, त्याच्या जरा आधी तू एकदाच ओरडतेस, "दादा."

अजूनही तुझाच,
भीमादादा