आईचा निरोप ऐंशी टक्क्यांवर

बेलवली, बदलापूर (प.)
रविवार, २२ फेब्रुवारी २००९

तीर्थरूप दादांस धाकट्या हिंदुरावचा वाकून नमस्कार. (समोर असतो तर अरे-तुरेच केलं असतं, पण पत्रात थोरल्या भावाला अहो-जाहो करायचं ही आईची शिस्त, आणि ती आत्ता माझ्या पाठीमागे बसून मेथी निवडते आहे.) वहिनींना नमस्कार, चि. आकाशला आशीर्वाद. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? आईची तब्येत वयाच्या मानाने चांगली आहे. दात गेले, पण हट्ट सगळा शाबूत आहे.

तुम्ही गेली तीन वर्षं आमच्याशी बोलत नाही, आणि त्यात तुमचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्या शीलाच्या लग्नपत्रिकेत 'आपले नम्र' खाली तुमचं नाव पहिलं यायचं, ते छापखान्यात राहून गेलं. मी आयत्या वेळी बोंब मारली तेव्हा जागा उरली होती ती तळाला, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' म्हणणाऱ्या सोनू आणि सनीच्या शेजारी. तिथे बासष्टाव्या वर्षी तुम्ही 'चि. भगवान' म्हणून छापून आलात. (प्रूफ मीच तपासलं होतं. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत चौतीस वर्षं तपासनीस होतो, हे त्या दिवसापासून मी कुणाला सांगत नाही.) तुम्ही हॉलमध्येच जाहीर केलंत की या घराशी एक शब्द बोलणार नाही, आणि खरोखर बोलला नाहीत. रोज सकाळी आठ वाजता एक मिस्ड कॉल तेवढा देता, म्हणजे फलटणला सगळं खुशाल आहे. मिस्ड कॉल म्हणजे काही बोलणं नव्हे, त्यामुळे शपथही शाबूत राहते. मीही एक परत देतो. असा आपला संसार बरा चालला होता.

पण महिन्याभरापूर्वी आईने काढलं की तिला भगवानशी बोलायचंय. फोनवर नाही, कारण तुम्ही उचलणार नाही आणि तोंड दिसल्याशिवाय ती बोलणार नाही. तेव्हा आमच्या मिलिंदने ऑफिसातल्या मित्राचा कॅमेरा आणून तिचा व्हिडिओ काढला आणि आपल्या लॅपटॉपमध्ये घातला. आता तो इंटरनेटवरून आकाशच्या ई-मेलवर धाडला की झालं, असं ठरलं. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत पाच मिनिटांचं काम होतं. पण आई म्हणाली, घरातलं बोलणं दुकानात न्यायचं नाही, तिथे चार परकी पोरं बसलेली असतात. आईच्या शब्दापुढे आपल्या घरात कुणी वाद घालत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच.

मग मी आणि मिलिंद उल्हासनगरला गेलो. तिथल्या एका सिंधी दुकानदाराने सेकंडहँड फोन दाखवला आणि सांगितलं की ह्याच्यात एक सॉफ्टवेअर टाकून देतो, म्हणजे फोन स्वतःच हॉटस्पॉट होतो आणि वायर-बियर काही न लावता लॅपटॉपला हवेतून नेट देतो. मी विचारलं, टिकेल ना? तो म्हणाला, "काका, टेंशन नहीं लेने का, घर का पूरा नेट इसी पे चलेगा." मी माझं सिमकार्ड त्यात घातलं, नेटचा पॅक मारला, आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता मिलिंदने फाईल लावली. पंचवीस मिनिटं लागतील असं लॅपटॉपने स्वतःच सांगितलं. आकाशलाही कळवलं होतं की तीन दिवस सकाळी कॉम्प्युटर चालू ठेव, बाबांना समोर बसव. आम्ही सगळे ती पट्टी बघत बसलो. साठ टक्के झाले, सत्तर झाले, ऐंशीला पट्टी थांबली आणि सगळं पुसून पुन्हा शून्यावर आलं.

पहिल्यांदा वाटलं, रेंज. म्हणून लॅपटॉप गच्चीवर नेला. तिथे आमच्या हिचे, काशीचे, बटाट्याचे पापड वाळत होते, तिने एक कोपरा दिला तोही उपकार केल्यासारखा. फोन पाण्याच्या टाकीवर स्टीलच्या ताटलीत ठेवला. रिंग वाजली की नेट दचकेल असं मला वाटलं होतं, म्हणून तो सुरुवातीपासूनच सायलेंट करून पालथा ठेवला होता; आता वर ऊन लागू नये म्हणून रुमाल टाकला, आणि हुकूम सोडला की फाईल जाईपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. (हा माझा हुकूम लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज आहे.) फाईल पुन्हा ऐंशीला मेली. मग अकराला लोडशेडिंग आलं, लॅपटॉपची बॅटरी अर्ध्या तासात संपली, आणि दुपारी मी एकटा उल्हासनगरला जाऊन दुकानदाराशी भांडलो. त्याने फोनकडे न बघताच सांगितलं की खराबी लॅपटॉपमध्ये आहे. घरी मिलिंद म्हणाला, फोनमध्ये आहे. काशी म्हणाली, तुमच्यात आहे.

शुक्रवारी मी ठरवलं की आता हे फॅक्टरीच्या पद्धतीने करायचं. तिथे एखादा माल पुन्हा पुन्हा नापास झाला की आम्ही आधी वही घालायचो: कधी बिघडला, किती वाजता, तेव्हा शेजारी काय चालू होतं. तशी वही घातली. शुक्रवार आणि शनिवार मिळून अकरा वेळा फाईल लावली. फोन खिडकीत, फोन गच्चीत, शेजारच्यांचा टीव्ही चालू, शेजारच्यांचा टीव्ही बंद (त्यासाठी त्यांच्या सासूबाईंची मालिका बुडाली आणि त्या आता काशीशी बोलत नाहीत). कधी साठला मेली, कधी ऐंशीला, पण ऐंशीच्या पुढे एकदाही गेली नाही. आई रोज विचारायची, पोचलं का रे त्याच्याकडे? मी म्हणायचो, निघालंय. खोटं बोलायला जिवावर यायचं.

आज सकाळी आमची सूनबाई कुंदा चहा घेऊन आली आणि वही चाळता चाळता म्हणाली, "बाबा, ही वीस-वीस मिनिटांनीच कशी मरते? दहा वीस, दहा चाळीस, अकरा. टाइमटेबल आहे का?" मग तिने माझा हुकूम मोडून फोन सुलटा केला आणि आतली यादी उघडली. दादा, गुरुवारपासून रोज सकाळी दहा ते एक, दर वीस मिनिटांनी, तुमचा मिस्ड कॉल आहे. या फोनमध्ये नेट आणि कॉल दोन्हींना मिळून वाट एकच आहे, असं कुंदा म्हणाली. कॉल आला की नेटला बाजूला व्हावं लागतं आणि फाईल पहिल्यापासून. फोन सायलेंट मीच केला होता, त्यामुळे कुणाला ऐकू आलं नाही. आणि रात्री फोन हातात घेतला की काशी वरची मिस्ड कॉलची पाटी न वाचता पुसायची, कारण तुमची खुशाली तिला गेली तीन वर्षं पाठ आहे.

म्हणजे तीन दिवस तुम्ही तिकडून विचारत होता की आईचं काही आलं का, आणि तुमच्या त्या विचारण्यानेच आईचं अडत होतं. मी दुकानदाराला, शेजाऱ्यांना, लॅपटॉपला, अगदी रेंज अडवत असेल म्हणून मागच्या डोंगरालासुद्धा बोल लावून बसलो होतो. रागावू म्हटलं तरी तुमच्यावर रागावता येईना. असो. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
हिंदुराव

ता. क. एवढ्यासाठी एवढं मोठं पत्र लिहिलं: येत्या रविवारी, १ मार्चला, सकाळी दहा ते अकरा या वेळात कृपा करून मिस्ड कॉल देऊ नका. आठचा द्या, त्याची आम्हाला सवय आहे. हे आकाशकरवी सांगण्यासारखं नाही, आणि फोन करून सांगितलं असतं, पण तुम्ही उचलत नाही.

ता. क. २. सोमवार सकाळ. वरचं सगळं रद्द समजा. पाकिटाला डिंक लावायच्या आधी कुंदाने पत्र आईला वाचून दाखवलं. आईने विचारलं, किती वेळा केला म्हणतेस? कुंदाने यादी मोजून सांगितलं, तीस. आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "तीस वेळा दार वाजवतोय, तर आत का येत नाही?" आणि फाईल पाठवायची नाही म्हणून सांगितलं. तेव्हा आता रविवारी काही येणार नाही.

ता. क. ३. हे आईला न सांगता लिहितोय. फाईलमध्ये आहे तरी काय, ते तुला कळायला हवं. एकूण पन्नास सेकंद आहेत. पहिल्यांदा ती पदर सारखा करते. मग म्हणते, "भगवान, जेवलास का?" आणि गप्प बसते. मिलिंद मागून सांगतोय, आजी, बोल ना पुढे. ती त्याला हातानेच थांब म्हणते. तिला वाटलं, तू समोर आहेस. उरलेला सगळा वेळ ती तुझ्या उत्तराची वाट बघत कॅमेऱ्याकडे बघते आहे. काल रात्री मी ते चार वेळा पाहिलं. ये, दादा. उत्तर दे तिला.