आईंची परात

नागोया, रविवार संध्याकाळ

अंग ठणकतंय, पण हसू थांबत नाही. भूकंपानंतर मंदारने डिकीत फावडं, दोर आणि पाणी कायमचं ठेवलं होतं. आणि आज शेगडी-तव्यासोबत आईंची परात मावेना म्हणून त्याने फावडंच घरी ठेवलं! सासूबाईंनी ती परात पुण्याहून आणलीय. म्हणे, समुद्रावर गरम भाकऱ्या करू.

गाड्या न्यायला परवानगी असलेला तो वाळूचा पट्टा. आसपास चिटपाखरू नाही, फोनला रेंज नाही, आणि चाकं रुतली. मंदार, एवढा गाड्यांचा इंजिनियर, टायरची हवा कमी करून चाकांकडे बघत उभा. भीती वाटली का मला? वाटली. तेवढ्यात आई ओढणी कमरेला बांधून परातीने वाळू उपसायला लागल्या.

गाडी निघाली. मी बसायला गेले, तर आई म्हणाल्या, "अगं, खड्डे कोण बुजवणार? मागून येणाऱ्याकडे परात असेलच असं नाही."

बुजवले. मग तीच परात धुऊन पीठ मळलं. पहिल्याच घासाला वाळू कचकचली. मंदारने आणखी एक भाकरी मागितली.

फावडं आत्ताच डिकीत ठेवून आले. परात आईंनी काढूच दिली नाही.