पाचवी कॅसेट

भिंगरी,

तुझी रशियनची पाचवी कॅसेट हरवलेली नाही. माझ्या कपाटात, स्वेटरांच्या घडीखाली मीच लपवली होती. आता टेपरेकॉर्डरमध्ये घालून ठेवली आहे. दोन दिवस तू घर उलटंपालटं करत होतीस आणि मी पेपर वाचण्याचं सोंग करत बसलो होतो. चुकलंच माझं.

पाढे, घड्याळ, नकाशे, सगळं तू माझ्याजवळ बसून शिकलीस. आता शाळेतून आलीस की बूट काढायच्या आधी त्या कॅसेटमधल्या मास्तरांना सुरू करतेस. मी काही विचारलं तर म्हणतेस, "आबा, शू! ते बोलतायत." आवाज चांगला आहे त्यांचा, नाही म्हणत नाही. पण तू चुकलीस तरी गृहस्थ आपले पुढे जातात! मी कधी असा गेलो होतो का?

डोळे तपासायला दवाखान्यात जातोय, सहापर्यंत येईन. कॅसेटबरोबरच्या पुस्तकात पाहिलं, पाचव्या धड्यापासून दोघांचे संवाद आहेत. समोर कुणीतरी लागेल. मला घे. मला मात्र पहिल्या धड्यापासून शिकवावं लागेल.

फार रागावली असलीस, तर उद्यापासून.

आबा