दाखल्यापुरते हिंदू

५ मार्च १९९६
पेपर दोनदा वाचला. दिल्लीत विधेयक येतंय म्हणे. दलितांतून ख्रिस्ती झालेल्यांनाही अनुसूचित जातीच्या सवलती! बौद्धांना सहा वर्षांपूर्वीच मिळाल्या. आता आमची पाळी. पाळकसाहेबांनी चर्चमध्ये साऱ्या मंडळीसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. संध्याकाळी नातीला, यशश्रीला, समोर बसवून जुन्या क्रमिक पुस्तकातली कविता चालीवर म्हटली. पोर कडवं विसरते, मी पहिला शब्द देतो, की लागली गाडी!

१६ मार्च १९९६
अधिवेशन संपलं. विधेयक मांडलंच नाही.

११ जून २००३
यशश्रीला मार्क चांगले आहेत. पण आम्हाला ओबीसी. त्यात इंजिनिअरिंगला नंबर लागणं कठीण. सातपूरच्या गोटीरामच्या नातवाला तिच्याहून कमी, तरी त्याचा प्रवेश पक्का. गोटीराम माझा चुलतभाऊ! आजोबा एकच, वस्ती एकच. माझे वडील काळारामाच्या दाराशी सत्याग्रहाला बसले. दार उघडेना, तेव्हा येशूचे झाले. त्याचे वडील पुढे छप्पन साली बौद्ध झाले. सरकार म्हणतं, त्यांची जात राहिली, तुमची गेली. गेली? मग शाळेत मला पाणी वरून का ओतायचे?

१५ जून
दिवाकर सरळच बोलला. पोटचा पोरगा माझा!
"दादा, आम्ही परत हिंदू होतोय. दाखल्यापुरतं."
म्हटलं, हवा तो धर्म पाळा असं घटनेत आहे. मी वर्गात शिकवलंय ते.
"पाळा ना! फक्त सवलत मागू नका."
सूनबाई रडली. नको मात्र म्हणाली नाही.

२२ जून
गोदेवर विधी उरकला. मी गेलो नाही. दिवाकर कपाळाला गंध लावून आला. पुसलं आणि चहा प्यायला.

१३ जुलै
जात पडताळणीवाले गुरुवारी घरी येणार. कुलदैवत विचारतात, चालीरीती विचारतात. सूनबाई खंडोबाची तळी कशी भरतात ते पाठ करतेय — माझ्या वर्गातली पोरं अर्थ न कळता कविता घोकायची, अगदी तशी. भिंतीवरचा क्रूस उतरवला. मागचा रंग पांढरा राहिलेला, म्हणून तिथे कॅलेंडर. आणि मी? मी आदल्या दिवशीच सिन्नरला बहिणीकडे जायचं.
"त्यापेक्षा माझ्यावरही एक कॅलेंडर टांग," म्हटलं.
"दादा, टोमणे नकोत. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

१६ जुलै
एक दिवस आधीच आले! दिवाकर कामावर. मी बसस्टँडला निघायच्या बेतात, पिशवी हातात. साहेब माणूस सज्जन. "बसा हो आजोबा," म्हणाले. बसलो. सूनबाईनं तळी बिनचूक सांगितली. मग पोहे आले. बशी हातात आली आणि — मान खाली, डोळे मिटलेले, ओठ हलतायत! अन्नापुढची प्रार्थना. जन्माची सवय. डोळे उघडले तर साहेब माझ्याकडेच बघतायत.
"हे कोण?"
सूनबाई पाणी आणायला आत वळली. यशश्रीच बोलली, हसत. "हे होय? शेजारचे मास्तर. ख्रिश्चन आहेत. मला लहानपणी कविता शिकवायचे."
"वा! मग एक होऊन जाऊ द्या, मास्तर."
म्हटली. दुसऱ्या कडव्याला अडलो. यशश्रीला अख्खी पाठ आहे. तिनं पहिला शब्द दिला नाही. बशीत बघत राहिली.
"येतो," म्हणून उठलो. माझ्याच घरातून!

२ ऑगस्ट
दाखला वैध ठरला. यशश्री पाया पडायला वाकली, "आजोबा" म्हणाली. तोंडून आशीर्वाद निघेना. डोक्यावर हात मात्र ठेवला.

३ ऑगस्ट
उपासनेला एकटाच गेलो. पाळकांनी विचारलं, "घरची मंडळी?"
"बरं नाही त्यांना."

१० ऑगस्ट
दिवाकर जवळ येऊन बसला. आवाज हळू. "दादा, वाईट वाटून घेऊ नका. कुणी तक्रार केली तर पुन्हा चौकशी लागते. तेव्हा, तुमची वेळ येईल तेव्हा… दफन नको. अमरधामला नेऊ. अग्नी देऊ."
शरणपूरच्या दफनभूमीत माझी बायको इंदिरा आहे. तिला मातीत ठेवली त्याच दिवशी शेजारची जागा मी मागून ठेवली.
"तुला सुचलं हे?" विचारलं.
"नाही. यशश्रीच्या लक्षात आलं."